रुख्मिणीआत्याचा आवाज

प्रतीक्षाला नकला करायची खोड होती, आणि ती काही साधीसुधी खोड नव्हती. तिवस्याच्या बाजारात तिचे वडील शालिकराम आपल्या मळ्यातल्या भाजीचं दुकान लावून बसत. शाळेतून येताना पोरगी तिथं पाचेक मिनिटं थांबायची आणि घरी जाऊन अख्खा बाजार आईला ऐकवायची. वांग्यांना नावं ठेवत ठेवत दोन किलो वांगी नेणारी मास्तरीणबाई, कोणाशीही भांडायला तयार असलेला जानराव, सगळे तिच्या तोंडातून बाहेर पडायचे. तिची आई शकुन पोट धरून हसायची आणि मग म्हणायची, "बस झालं, आता भांडे घास."

पण खरी कमाल होती ती रुख्मिणीआत्याची नक्कल. ही आत्या म्हणजे शालिकरामची थोरली बहीण, तो तिला आक्का म्हणायचा. तो सहा वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा हिनंच त्याला लहानाचं मोठं केलं. लग्न होऊन गेली खरी, पण दोन वर्षांत नवरा वारला आणि ही माहेरी परतली ती कायमची. मग जन्मभर तिनं बाजारात भाजी विकली. विकली तरी कशी? मेथी शिळी असली तर गिऱ्हाइकाला आपणच सांगायची, "आज नोको नेऊ वं बाई, कालची हाये. उद्या ताजी घेजो." असं दुकान चालतं होय? पण चालायचं! लोक म्हणायचे, रुख्मिणीबाईनं सांगितलं ना, मग झालं. तिच्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीत कधी पिवळं पान निघालं नाही, असं अजूनही तिवस्यात सांगतात.

आत्या जाऊन तीन वर्षं झाली. ती गेल्यावर महिनाभरानं प्रतीक्षा जेवताना सहज तिच्या आवाजात काहीतरी बोलून गेली. शालिकराम भरल्या ताटावरून उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून घरात तिनं तो आवाज कधी काढला नाही.

पुढं पोरगी अमरावतीला बीबीएला गेली. शेवटच्या वर्षाला कॉलेजचा नियम असा की दोन महिने एखाद्या कंपनीत जाऊन काम शिकायचं आणि मग अहवाल द्यायचा. अमरावतीतल्या बऱ्या जागा ओळखीपाळखीवाल्यांनी कधीच उचलल्या होत्या. हिला मिळाली ती अकोल्याला, जठारपेठेत, कापडाच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर असलेली एक जाहिरात कंपनी. मालक केदार सर, वकिलाघरचा मुलगा, दहा वर्षं पुण्यात काढून आलेला. त्यांचं मराठी कसं, तर इस्त्री केलेलं. पहिल्याच दिवशी प्रतीक्षा म्हणाली, "मले माहीत नाई सर," तर ते गोड आवाजात म्हणाले, "क्लायंटसमोर 'मला' म्हणायचं हं." झालं! पोरीचं तोंड आठ दिवस शिवल्यासारखं बंद. बाजार अंगावर घेणारी मुलगी, पण विचारल्याशिवाय बोलेना.

तरी खोटं कशाला बोला, तिथं ती पुष्कळ शिकली. वाक्य लहान कसं करायचं, लोकांचा अंगठा मोबाईलवर सरकायच्या आत मुद्दा कसा सांगायचा, हे सगळं केदार सरांनी हाताला धरून शिकवलं. शेजारच्या टेबलावरची अबोली चित्रं करायची. ती डब्यातली चटणी हिला द्यायची आणि कुठल्या क्लायंटला काय आवडतं ते कानात सांगायची. माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

महिनाभरानं कंपनीकडे साखरेच्या आजारावरच्या एका चूर्णाचं काम आलं. त्या चूर्णाचं नाव मी सांगत नाही, नाव बदलून ते अजून कुठं ना कुठं विकत असतील. त्यांना खेड्यापाड्यातलं गिऱ्हाईक हवं होतं, म्हणजे आता वऱ्हाडी हवी! जी 'मले' महिनाभर दाराबाहेर चपलांजवळ ठेवली होती, तिलाच आत बोलावून खुर्ची दिली. पुण्याच्या एका आवाजवाल्या बाईकडून मजकूर वाचून घेतला, तर तो असा निघाला की ऐकून अबोलीनं कपाळावर हात मारला. केदार सर वैतागले. "अरे, खरी बाई बोलतेय असं वाटलं पाहिजे ना!"

डबा खाता खाता प्रतीक्षा म्हणाली, "मी करून पाहू का?" आणि आत्याच्या आवाजात सुरू झाली. "अवं बाई, चार वर्सं गोया खाल्ल्या म्या. सक्काय गोयी, संद्याकाय गोयी. जीव निस्ता कटाऊन गेल्ता. मंग हे चूर्न घेतलं. दोन महिन्यात गोया बंद! आता पाह्य कशी चालतो मी. खोटं कायले बोलू, माह्या वयात?"

सगळं ऑफिस भोवती जमलं. मग टाळ्या. केदार सर उभे राहून म्हणाले, "ही पोरगी इतके दिवस कुठं लपली होती?"

अबोलीनं मात्र विचारलं, "ही बाई खरी आहे का गं?"

"माझी आत्या होती. पण तिला साखर नव्हती."

"मग चूर्ण कोणी घेतलं?"

केदार सर दारातून हसले. "अगं, ही जाहिरात आहे, कोर्टातली साक्ष नव्हे." सगळे हसले, प्रतीक्षाही हसली. तिनं तिथंच थांबायला हवं होतं, हे आज आपण घरी बसून बोलतो. महिनाभर मान खाली घालून बसलेल्या वीस वर्षांच्या पोरीला कोणी उभं राहून शाबासकी दिली, तर ती थांबते का हो? त्याच दुपारी खिडक्यांना चादरी लावून आवाज भरला. मुश्किलीनं चाळीस सेकंदांचं काम.

आवाज चालला, आणि असा चालला की विचारू नका. मोबाईलवरून मोबाईलवर गेला, ऑटोवर भोंगे लावून तालुक्या-तालुक्याच्या बाजारांत फिरला. प्रतीक्षाला प्रमाणपत्र मिळालं, त्यात 'स्थानिक बोलीची उत्तम जाण' असं खास लिहिलेलं. कॉलेजात अहवाल द्यायचा होता, शेवटच्या पानावर 'मी काय शिकले' असा मथळा होता. तिनं लिहिलं, 'आपल्या माणसाच्या बोलीत सांगितलं की लोक पटकन विश्वास ठेवतात.' अहवाल तपासणाऱ्या अनुपमा मॅडमनं त्या वाक्याखाली रेघ मारून बाजूला 'छान' लिहिलं.

शालिकरामला पाच वर्षांपासून साखर होती. दोन वेळची गोळी आणि महिन्याची तपासणी, आत्यानं लावून दिलेली ही शिस्त तो ती गेल्यावरही पाळत होता. अभ्यासाच्या गडबडीत प्रतीक्षाचं घरी जाणं झालं नाही. फोनवर बाबा म्हणायचे, "तब्येत एकदम फस्क्लास हाये, तू पेपराचं पाह्य." परीक्षा संपवून मे महिन्यात ती घरी आली, तर घड्याळाखालच्या फळीवर त्याच चूर्णाची पिवळी डबी.

"माय, हे कोणाचं हाये?"

"तुह्या बाबाचं," शकुन भाकर थापता थापता म्हणाली. "बाजारात ऑटो आल्ता म्हनते त्याहीचा, त्याच्यात एक बाई सांगते म्हनते. तवापासून गोया बंद हायेत. म्या लाख सांगतलं, आयकतीन तं!" शकुन दिवसभर मळ्यात राबायची, बाजारात जायची नाही. तिनं ती जाहिरात कधी ऐकलीच नव्हती.

प्रतीक्षानं डबी नालीत ओतली आणि बाबांच्या पायाशी बसली. नव्या चपलेनं उजव्या पायाच्या बोटांत फोड आला होता आणि तिथं काळं पडलं होतं. "दुखत नाई?" तिनं विचारलं. "कायचं दुखते!" तो म्हणाला. साखरेनं पाय बधिर झाला होता, दुखत नव्हतं, हेच तर वाईट होतं. त्याच दिवशी त्याला अमरावतीला दवाखान्यात नेलं. साखर चारशेच्या वर. आधी दोन बोटं काढली. आठ दिवसांनी डॉक्टर म्हणाले, जीव वाचवायचा तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. बाजाराआधी पहाटेपासून भाजीच्या वाफ्यांत उभं राहून पाणी देणाऱ्या माणसाचा पाय! शकुन तिथंच दवाखान्याच्या फरशीवर बसली आणि मोठमोठ्यानं रडू लागली. "थ्या जाहिरातीतल्या बाईच्या तोंडात किडे पडो," ती म्हणत होती. प्रतीक्षा तिला धरून शेजारी बसली होती.

तिनं केदार सरांना फोन केला. ऐकून ते हादरले, हे खरं. कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावरून जाहिरात काढतो म्हणाले. मग म्हणाले, "पण प्रतीक्षा, खाली बारीक अक्षरात होतं ना, डॉक्टरांचा सल्ला घ्या म्हणून." भोंग्यावर बारीक अक्षरं कशी वाजतात, हे तिनं त्यांना विचारलं नाही. फोन ठेवून दिला.

पाय काढल्यावर चौथ्या दिवशी दुपारी शकुन कपडे धुवायला खाली गेली. खाटेजवळ दोघंच होते. आता नाही सांगितलं तर जन्मात सांगता येणार नाही, असं पोरीला वाटलं.

"बाबा, थे जाहिरातीतली बाई... थो आवाज माहा होता."

शालिकराम वरच्या पंख्याकडे पाहत होता. "मले मालूम हाये," तो म्हणाला.

"कवापासून?"

"पयल्या दिवसापासून. ऑटो बाजारात शिरला अन् मले वाटलं, आक्काच हाक मारून राहिली. तराजू हातातून खाली ठेवला म्या. मंग ध्यानात आलं, हे तं आपली पोरगी हाये! साऱ्या बाजाराले सांगतलं, माही प्रतीक्षा हाये थे, अकोल्याले कंपनीत हाये. तुह्या मायले तेवढं नाई सांगतलं, थे गोयांपायी आधीच चिडेल होती; अन् तुले पेपर झाल्यावर सांगनार होतो."

"मंग तुमाले समजलं नाई का बाबा, हे सोंग हाये म्हून? आत्याले कुठी साखर होती?"

"नव्हती. पन म्या म्हटलं, पोरगी शिकेल हाये. तिनं पाह्यलं असन, कोनाले इचारलं असन. आक्काचा आवाज थे खोट्या कामाले लावन काय?"

आवाजात राग नव्हता. आपण असा विचार का केला, एवढंच तो समजावून सांगत होता. त्यानं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. खाटेच्या लोखंडी दांडीवर डोकं टेकून ती हमसून हमसून रडली. "मारा मले बाबा," ती म्हणत होती. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तिचं रडणं ओसरल्यावर त्यानं विचारलं, "मंग थे औषद खरं नाई?"

"नाई, बाबा."

तो एकदम कोपरावर उठला. कण्हला, तरी उठला. "बाप्पा रे! जानराव घेऊन राह्यला थे. बाजारातल्या देवानंदची माय घेऊन राह्यली. भगवंत बी. माह्याच सांगन्यावरून. फोन लाव, लाव लवकर."

तिनं जानरावचा नंबर लावून फोन त्याच्या कानाला धरला.

"जानराव, शालिक बोलून राह्यलो. थे चूर्न फेकून दे. आजच्या आज डाक्टरकडे जाय अन् गोया चालू कर... हाव, माहा पाय गेला त्याच्यापायीच." पलीकडून जानराव काहीतरी जोरानं विचारत होता. शालिकरामनं एकदा पोरीकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

"नाई बाप्पा. थे माही पोरगी नव्हती. माह्या आयकन्यातच चूक झाली. माही पोरगी असं बोलत नसते."

फोन ठेवून तो म्हणाला, "आता देवानंदले लाव." प्रतीक्षानं डोळे पुसून देवानंदचा नंबर लावून दिला, आणि शालिकरामनं त्यालाही तेच सांगितलं.