एक जूनला जन्मलेली माणसं

नागपूरहून बंगळूरला आले तेव्हा माझं पहिलं काम अगदी साधं होतं. एका कारखान्यातल्या कामगारांच्या जुन्या सर्व्हिस बुकांमधली माहिती कॉम्प्युटरमध्ये भरायची. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. महिनाभर टाइप केल्यावर एकदा मी सहज यादी जन्मतारखेनुसार लावली आणि थबकले. एक जून संपता संपेना. फिटर, वेल्डर, दोन ड्रायव्हर, कँटीनचे स्वयंपाकी, सगळे एकाच तारखेचे!

माझ्या माहेरी रोज सकाळी पेपरातला दिनविशेष मोठ्यानं वाचला जायचा. कोण कधी जन्मलं, कधी काय घडलं, याचं मला लहानपणापासून वेड. एक जूनला असं काय होतं? मी शेजारच्या टेबलावर विचारलं. तिथं रेकॉर्ड सांभाळणाऱ्या अक्का बसत. बंगळूरबाहेर होसकोट्याजवळच्या एका खेड्यातल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेल्या मराठी घराण्यातल्या.

"काही नव्हतं गं," त्या हसल्या. "शाळेत घालताना तारीख ठाऊक नसली की हेडमास्तर एक जून लिहायचे. मीसुद्धा त्यातलीच."

"मग तुमचा खरा वाढदिवस?"

"आई म्हणायची, तू आलीस त्या दुपारी गावचं तळं फुटलं. तेवढंच ठाऊक."

"तळं फुटलं म्हणजे पेपरात आलं असेल की!"

"सोड गं. मेअखेर रिटायर होणार मी. आता कशाला?"

पण दुसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता त्याच म्हणाल्या, "शनिवारी अर्धा दिवस. जाऊया?"

शिवाजीनगरला बस बदलून आम्ही एका जुन्या वाचनालयात गेलो. कन्नड दैनिकांचे वर्षवार बांधलेले गठ्ठे होते. मला कन्नड वाचता येत नव्हतं. मी पानं उलटायची, अक्का बोट फिरवत वाचायच्या. दाखल्यावरच्या वर्षात तळं नव्हतं. पुढच्या वर्षातही नव्हतं. तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी आम्ही त्याच्याही पुढच्या वर्षाचा गठ्ठा सोडला. पानभर युद्धाच्या बातम्या. ऑगस्टमधल्या एका अंकावर अक्कांचं बोट थांबलं.

"स्वल्प थांब. जरा थांब."

चारच ओळी होत्या. गेल्या मंगळवारी दुपारी तळ्याचा बांध फुटला, भातशेती वाहून गेली, माणसं सुखरूप. अक्कांनी त्या दोनदा वाचल्या. मग त्याच मंगळवारचं आणखी काय काय सापडतंय ते शोधू लागल्या. एका पैलवानानं कुस्ती मारली होती. कुठल्याशा गावात पहिल्यांदा विजेचे दिवे लागले होते. प्रत्येक बातमीला त्या मान वर करून मला सांगायच्या, "बघ, हेसुद्धा माझ्याच दिवशी."

मी मात्र हिशेबात अडकले होते. "अक्का, तुम्ही दोन वर्षांनी लहान आहात! अजून दोन वर्षं नोकरी आहे तुमची. अर्ज करा."

त्यांनी गठ्ठ्याची दोरी सावकाश बांधली. "शाळेच्या दाखल्यापुढे तळ्याचं कोण ऐकणार?" बसमधून उतरताना म्हणाल्या, "दोन वर्षं गेली म्हणू, की मिळाली म्हणू?"

अर्ज त्यांनी केला नाही. मेअखेरीला कँटीनचे एक स्वयंपाकी, एक ड्रायव्हर आणि अक्का, तिघांना खुर्च्यांच्या एकाच रांगेत हार घातले.

ऑगस्टमध्ये त्यांचा ऑफिसात फोन आला. "माझा वाढदिवस आहे. गावी जाते. येतेस?"

होसकोट्याला उतरून पुढे रिक्षानं गेलो. आईवडील गेल्यापासून त्या गावी फिरकल्या नव्हत्या. तळ्यात अर्ध्यावर पाणी होतं, बांधावर एक म्हातारे गृहस्थ म्हशी राखत बसले होते. अक्कांनी कन्नडमध्ये त्यांना विचारलं, तळं फुटलं तेव्हा पाणी कुठवर आलं होतं? म्हाताऱ्यांनी काठी उचलून लांबवरचं चिंचेचं झाड दाखवलं. त्यांचं बोलणं अक्का मला मराठीत सांगत होत्या. "मी सहा-सात वर्षांचा होतो. त्या झाडावर चढून बसलो होतो."

"आमचं घर त्या झाडाच्या अलीकडे होतं," अक्का मला म्हणाल्या. "म्हणजे पाणी घरात आलंच असणार. मग आई मला घेऊन गेली तरी कुठं?"

आणि चप्पल हातात घेऊन, चिखलातून त्या झाडाकडे चालू लागल्या.