फळ्याकडे तोंड

ज्या माणसाची पत्रकं तुम्ही एसटी स्टँडवर वाचता, तो स्वतःच्या वर्गात कसा वागतो, हे कधी विचारलंय तुम्ही? मला कुणी विचारलं नाही. त्यामुळे हे आजवर कुणाला सांगितलंही नाही — पत्रकं छापणाऱ्या मित्रांना नाही, घरात तर नाहीच.

मी पत्रकांवरच वाढलो. वडील संघटनेतले, खळीचा डबा धरून मी त्यांच्यामागे भिंतींवर पत्रकं चिकटवत फिरायचो. पुढे ‘शाळा सगळ्यांची’ हे पत्रक मीच लिहिलं. नांदेडला वाटलं, लातूरला वाटलं.

तेव्हा मी किल्लारीजवळच्या एका गावात चौथीला शिकवत होतो. भूकंपानंतर उभं केलेलं पत्र्याचं शेड, तोच वर्ग. त्या वर्गातल्या शालूला जवळजवळ ऐकूच यायचं नाही. पण ती ओठ वाचायची. मी तिच्याकडे तोंड करून बोललो की पहिलं उत्तर तिचंच. त्यासाठी मला काय करावं लागायचं? आधी वळून सांगायचं, मग फळ्यावर लिहायचं. दोन्ही एकदम करायचं नाही. बस, एवढंच.

पण वेळ जायचा. आणि आमची पोरं शिष्यवृत्तीला बसणार होती, लातूरच्या क्लासचं वारं गावात शिरलं होतं. किराणा दुकानवाले अप्पा, त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात, एकदा शाळेच्या दारात सगळ्यांदेखत म्हणाले, “गुरुजी, एका पोरीपायी समद्यांची बैलगाडी करायलात की! लातूरची पोरं बघा, इमानावानी पळायलीत.”

लोक हसले. मीही हसलो.

आता सांगतो — इथं थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही. दुसऱ्या दिवसापासून मी फळ्याकडे तोंड करून शिकवू लागलो. विसरून नाही. घाईत नाही. ठरवून. शालू बसकर पट्टीवरून सरकत सरकत कडेला यायची, माझ्या गालावरून तरी शब्द सापडतो का बघायची. मला दिसत होतं ते. मी आणखी वळलो.

तिची पाटी कोरी राहू लागली. मग मी तिच्या आईला बोलावून तीच पाटी पुढं धरली. हिला झेपत नाही, म्हणालो. लातूरला बहिऱ्यांच्या शाळेत घाला.

“घरी तर समदं कळतंय की हिला, गुरुजी. तोंडाकडं बघती अन् लगेच करती. मग हितंच कामून न्हाई?”

का नाही, ते फक्त मला माहीत होतं. “घरचं वेगळं, शाळेचं वेगळं,” मी म्हणालो. त्या बाईनं मान डोलावली. गुरुजी खोटं बोलतील असं तिच्या मनातही आलं नसेल. लातूरला पोरीला ठेवणार कोण, खर्च कुणी करायचा — तिनं विचारलं नाही. मीही नाही. शालूची शाळा तिथंच संपली.

पोरं शिष्यवृत्तीत आली. मी हार घालून घेतला. त्याच महिन्यात अपंग मुलांच्या हक्कावर भाषणही ठोकलं — टाळ्या पडल्या.

व्यवस्थेनं मला भाग पाडलं, असं लिहिता येईल. तसली वाक्यं मला झोपेतही सुचतात. पण वळलेली पाठ माझी होती.

मागच्या वर्षी बाजारात शालू दिसली. आईबरोबर भाजी विकत होती. तिनं मला लगेच ओळखलं आणि माझ्या ओठांकडे बघत राहिली, मी काही बोलेन म्हणून. मी तोंड फिरवलं. पिशवी उचलली आणि गर्दीत शिरलो.

माझं काय करायचं ते राहू द्या. तुमच्या गावच्या शाळेत मात्र जा. वर्गात शेवटी बसा, कानांत बोटं घाला आणि गुरुजी काय शिकवतात ते कळतंय का बघा. कळलं नाही, तर उठा आणि त्यांना तिथंच थांबवा.