दोन दगडांमधली रेषा

"कशावरून?" कोणी काहीही सांगितलं की आमच्या शाळेचे शिपाईमामा मान तिरपी करून एवढंच विचारत. मुख्याध्यापकांनी उद्या सुट्टी आहे म्हटलं तरी कशावरून, आणि चहावाल्याने दूध ताजं म्हटलं तरी कशावरून. स्वतः वाजवलेली घंटा वेळेवर झाली का, हे ते माझ्या घड्याळात पाहत, आणि माझं घड्याळ बरोबर आहे का, हे ऑफिसातल्या घड्याळात. असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. त्याचा वैताग येतो, पण तो रजेवर गेला की चुकल्यासारखं होतं.

सास्तूरजवळच्या त्या शाळेत मी गणित शिकवतो. एकदा नववीला रेषा शिकवत होतो. रेषेला रुंदी नसते, असं मी म्हणालो तेव्हा मामा पाण्याची घागर घेऊन दारातच थांबले. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला गाठलं.

"सर, जिला रुंदी न्हाय ती फळ्यावर दिसती कशी?"

दिसतो तो खडू, मी म्हणालो, रेषा आपण मनात धरायची असते. मामांना हे अजिबात पटलं नाही. नुसतं मनात धरलेलं काही हा माणूस मानतच नसावा, असं मला तेव्हा वाटलं. तो माझा गैरसमज होता.

दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, हे मात्र त्यांनी तीनतीनदा विचारून घेतलं. कारण नंतर कळलं. त्यांचं आणि धाकट्या भावाचं रान एकाला एक लागून. मधे बांध आणि बांधाच्या दोन टोकांना हद्दीचे दोन दगड. धाकटा बांध कोरतो, असा मामांना पक्का संशय. त्यापायी अकरा वर्षं बोलणं बंद होतं, पुतणीच्या लग्नालाही ते गेले नव्हते. सरकारी मोजणी का मागवत नाही, असं मी विचारलं. मोजणीदार धाकट्याच्या ओळखीचा निघाला तर, ही त्यांना भीती होती.

"तुमी धरा दोरी," ते म्हणाले. "तुमचं रान न्हाय इथं."

रविवारी गेलो आणि एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत सुतळी धरली. वाऱ्याने ती धाकट्याच्या बाजूने आपल्या रानात झुकते म्हणून मामांनी वारा पडेपर्यंत मला उन्हात बसवून ठेवलं. मग सुतळीला जाडी आहे, ती कुणाच्या वाट्याला धरायची, हा प्रश्न निघाला. अर्धी अर्धी, मी वैतागून म्हणालो.

वारा पडला, सुतळी ताणली आणि ती सरळ तुरीत शिरली. मामांच्या तुरीत. त्यांच्या दोन ओळी सुतळीच्या पलीकडे, भावाच्या रानात उभ्या होत्या.

मामांनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग दगडाकडे. दगड हलवला म्हणावं, तर दरवर्षी त्याला चुन्याचा हात देणारे तेच. त्यांनी सुतळी तीन वेळा सोडून बांधली. तिसऱ्या वेळी ते तिथेच मातीत बसले. भावाने बांध खाल्लाच असणार, असं धरून ते पेरणीला बांधासकट थोडेथोडे तिकडे सरकत गेले होते.

"म्या पोरीच्या लग्नाला गेलो न्हाय, सर," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं. दोरी धरायला आलो नसतो तर बरं, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते भावाच्या दारात जाऊन आले. भावाचा विश्वास बसला नाही. दोन ओळी कबूल करून आपल्याला कोर्टात खेचायचा दादाचा डाव आहे, असं तो म्हणाला. मग मामा मला साक्षीला चला म्हणू लागले. परीक्षा होऊ द्या, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं मी सांगितलं. त्याच आठवड्यात शाळेच्या पायरीवर त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरावा झाल्यावर धाकटा भाऊ शाळेत आला. वर्ग रिकामा होता. मी बाक पुढे केला, पण तो बसला नाही.

"सर, दोरी तुमी धरली व्हती म्हणं. खरंच दादाच्या दोन ओळी माझ्या रानात निघाल्या?"

हो, मी म्हणालो. त्यांनी स्वतः तीनदा पाहिलं.



"सांगायला आलते दादा," तो म्हणाला. "अकरा वर्सांनी दारात आलते. म्या त्यास्नी आत या म्हणलो न्हाय."