माझा सत्कार कशाबद्दल होता

विधेयक मंजूर झालं त्या संध्याकाळी माझा फोन नुसता वाजत होता. अभिनंदन, अभिनंदन! आमच्या विद्यापीठाला नवं नाव मिळालं होतं. कोणाचं, ते इथे लिहीत नाही. ते नाव घेतलं की पुढचं कोणी ऐकत नाही, हा अनुभव मी पुरेपूर घेतलाय. एवढंच सांगते, की त्या माणसाचा फोटो वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या घरी होता, शेजारी होता आणि शेजारच्याच्या शेजारीही होता. त्या नावासाठी चाळ मोर्च्याला गेली होती, तिच्यात मीही होते. त्यामुळे मला नाव नको होतं, असं कृपा करून कोणी म्हणू नये.

पण मी ते विधेयक वाचलं होतं. अख्खं. खोड आहे मला. पहिल्या पानावर नाव, आणि मागे आत कुठेतरी विद्यापीठाने काय करायचं तेच बदलून ठेवलेलं. ज्ञान, संशोधन हे शब्द काढले नव्हते, तेवढी हुशारी होती. फक्त त्यांच्याआधी रोजगार, कौशल्य, उद्योगांची गरज असं इतकं काही आणून बसवलं होतं, की बिचाऱ्यांना उभं राहायला जागा उरली नव्हती. ज्या विषयाला बाजारात मागणी नाही त्याचे वर्ग बंद करायची मुभाही होती. मी विद्यापीठाच्या परळच्या केंद्रात संध्याकाळी इतिहास शिकवते. इतिहासाला बाजारात मागणी असणार, डोंबल!

चाळीतल्या मंडळाने माझा सत्कार ठरवला. आपली पोरगी त्या विद्यापीठात प्राध्यापक आहे, मग शाल तिलाच. मी शीवला राहायला गेले त्याला कितीतरी वर्षं झाली, पण चाळीच्या लेखी मी अजून तिथलीच. मला नाही म्हणवेना. मंडपात गेले तर वडिलांबरोबर गिरणीत असलेले काका डोळे पुसत मालवणीत म्हणाले, “चेडवान नाव काढल्यान आमचा!” पोरीने नाव काढलं म्हणे! आता यांच्याशी काय वाद घालू?

पुढच्या रांगेत वहिनी बसली होती. शेजारच्या दादाची बायको. दिवसभर हिंदमाताला साड्यांच्या दुकानात उभी असते आणि संध्याकाळी माझ्याच वर्गात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला बसते. चाळीत मला ताई म्हणते, वर्गात मॅडम, आणि भांडते दोन्हीकडे. मी गिरणी संपाचा धडा घेतला तेव्हा हात वर. “मॅडम, माझी आजेसासू गिरणीत होती. ह्या पुस्तकात बायका कुठायत?” नाहीत म्हटलं. “का नाहीत?” झालं, तो तास तिथेच संपला. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी विद्यार्थिनी मला दुसरी मिळाली नाही.

नारळ हातात आला, माइक समोर आला. मी सांगून टाकलं. म्हटलं, नाव आलं याचा मला आनंद आहे, पण याच कायद्याने आपल्या परळच्या वर्गाला कुलूप लागणार आहे. मागून एक जण ओरडला, “म्हणजे नावाला विरोध आहे का तुमचा?” मी तोंड उघडणार तोच अध्यक्षांनी माइक अलगद काढून घेतला. “आपल्या मॅडम जरा भावुक झाल्यात,” म्हणाले. टाळ्या! पेढे वाटायला सुरुवातसुद्धा झाली.

वहिनीने मला गॅलरीत गाठलं. “ताई, खरं बोललात की चिडून?”

“खरं.”

“मग शाल कशाला घेतलीत?”

मी खांद्यावरची शाल काढून तिची घडी घातली.

पुढे परिपत्रक आलं. विद्यार्थ्यांचं नुकसान होणार नाही म्हणे. तिसऱ्या वर्षाचा अभ्यास घरी करा, परीक्षेला या. वर्ग भरणार नाहीत. आमच्या खोलीत नवा अभ्यासक्रम, किरकोळ विक्रीचं कौशल्य. मी वरच्या साहेबांना भेटले, मंत्रालयात जाऊन बसले, ओळखीच्या आमदाराला फोन केले. सगळे गोड बोलले. नावाबद्दल आधी अभिनंदन, मग चहा. चाळीतल्या पोरांना म्हटलं, पुन्हा मोर्चा काढू या. “कशासाठी ताई? मिळालं ना आपल्याला!” मला त्यांचा राग नाही आला. मलाच सगळं फोल वाटायला लागलं.

वहिनी परीक्षेच्या तयारीचं विचारायला फोन करेल म्हणून थांबले. केला नाही. शेवटी मीच हिंदमाताला तिच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. पसरलेल्या साड्या घडी घालता घालता ती म्हणाली, “घरी कुठला अभ्यास ताई! पुस्तक उघडलं की सासूबाईंना भाजी चिरायची आठवते. दोनदा प्रयत्न केला. सोडलं.”

“मी येते शिकवायला. रविवारी.”

“तुम्ही आलात की चहा, पोहे, गप्पा. मला ठाऊक नाही का?” ती हसली. मग पुढची साडी हातात घेत म्हणाली, “त्या नवीन कोर्सला नाव घातलंय मी.”

माझा तोल गेला. “अगं, साड्या कशा विकायच्या ते तू शिकणार? तू? डोकं फिरलंय का तुझं?”

“ओरडू नका, शेठ आहेत आत.” तिने हातातली साडी बाजूला ठेवली. “घरात कॉलेज म्हटलं की संध्याकाळची सुटते मी. कॉलेज बंद झालं सांगितलं, तर दुकानातून सरळ ओट्याशी. तेवढं तरी राहू दे ना मला.”

मी स्टुलावर बसले. मनात आलं, हे नाव मागायला आपण उन्हात चाललो ते काय ह्यासाठी? काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “काय शिकवतात?”

“गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं कसं, ते चाललंय सध्या.”

“मग तू काही विचारत नाहीस?”

“तिथे काय विचारणार ताई? तेच विचारतात, ‘समजलं का?’ मी हो म्हणते. सुटेपर्यंत हो म्हणत बसते.”