भोजपत्राच्या उतारावरचा घट

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमची कंपनी हिमालयातल्या एका उंच पोस्टवर होती. मी मेहकरकडचा, सेक्शन कमांडर, हवालदार. माझ्या हाताखाली नाईक जनार्दन, रोहिणखेडचा. कंपनीत बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही दोघंच. तो मला दादा म्हणायचा. मला तो फारसा आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. कुणाच्याही मनात तो पटकन भरायचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर एक शास्त्रज्ञ पोस्टवर राहायला आले. आम्ही त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचो. बर्फ किती पडतो, केव्हा वितळतो, खालच्या गावांच्या पाटांना किती पाणी मिळतं, हे ते वर्षानुवर्षं मोजणार होते. हवामान बदलतंय का आणि त्यानं डोंगराचं काय होतं, हा त्यांचा अभ्यास. मदतीला त्यांना एक जवान हवा होता. पुढे त्यालाच ते खालच्या केंद्रावर कायम नोकरी देणार होते. ती जागा मला हवी होती. पेन्शन घेऊन घरी भावांच्या हाताखाली राबायची माझी तयारी नव्हती. सीनियर मी, तेव्हा जागा माझीच, असं मी धरून चाललो होतो.

अक्षय तृतीयेला आम्हा दोघांना गावची आठवण आली. आमच्याकडे त्या दिवशी शेतात घट मांडतात. गोल आखून कडेनं धान्यं ठेवायची, मध्ये मातीची ढेकळं, त्यावर पाण्याची घागर. सकाळी कोणता दाणा हलला ते पाहून पावसापाण्याचं, राजकारणाचं भाकीत करायचं. मी लंगरमधून डाळी, राजमा, गहू आणले आणि बंकरमागे झकास घट मांडला. सकाळी डॉक्टरसाहेब पाहायला आले. राजमा चांगलाच विस्कटला होता. मी छाती काढून सांगितलं, "साहेब, यंदा पाऊस उशिरा. राजकारणात उलथापालथ."

जनार्दन खाली वाकला. म्हणाला, "दादा, रात्री खेचराचा पाय पडला हो. काई सांगता येत नाई."

डॉक्टरसाहेब पोट धरून हसले. संध्याकाळी कंपनी कमांडरांना म्हणाले, "जे दिसलं तेच सांगणारा माणूस मला हवा." जागा गेली. घट माझा, नाव त्याचं. माझा नुसता जळफळाट झाला.

त्यानंतर जनार्दन साहेबांबरोबर बर्फ मोजायचे खांब रोवत फिरू लागला. बंकरच्या वरच्या उतारावर भोजपत्राची झाडं होती. ती बर्फ धरून ठेवतात, तोडू नका, असं साहेबांनी सांगितलं आणि तशी ऑर्डर निघाली. नाल्यापलीकडचा उतार आधीच्या पलटणींनी जळणासाठी बोडका केला होता. आता माझं सेक्शन वाळक्या लाकडांसाठी लांबच्या नाल्यात जायचं, आणि जनार्दन पेन्सिल कानाला लावून उभा. एकदा मी म्हणालो, "काऊन बे, झाडं काय तुह्या बापाची हायेत?"

"नाई दादा. खालच्या गावाची हायेत."

हिवाळ्यात साहेब खालच्या केंद्रावर गेले. बरेच दिवस बर्फ कोसळून एका दुपारी आभाळ उघडलं. रेडिओ सेटवर मीच होतो.

"पोस्ट, बेस. बोडक्या उतारावरचं रीडिंग पाठवा. ओव्हर."

"विल्को, पाठवतो. आउट."

मी बूट चढवायला लागलो. रीडिंग माझ्या नावावर जावं, एवढीच इच्छा. जनार्दननं मला थांबवलं. "दादा, तुमी सेटवर बसा. साहेबानं मले सांगितलं हाये."

तो नाला ओलांडून गेला. खांबापाशी पोचला, हात वर केला. मग त्या अख्ख्या उतारावरचा बर्फ सुटला. आवाज नंतर आला. आमच्या डोक्यावरचा भोजपत्राचा उतार जागचा हलला नाही. त्यामुळे आम्ही सगळे वाचलो.

अंधार पडायच्या आत तो सापडला. मी सेटवर गेलो.

"बेस, पोस्ट. नाईक जनार्दन नाही राहिला. ओव्हर."

सेट खरखरला. मग, "रॉजर."

त्याची जागा मला मिळाली. साहेब भले होते, पण दर रीडिंगला म्हणायचे, "जनार्दन असता तर..." मेलेल्या माणसावरही जळता येतं, हे मला तिथे कळलं.

पुढच्या सुट्टीत बुलढाण्याहून एसटीनं रोहिणखेडला गेलो. त्याची आई ओट्यावर होती. नाव सांगितलं तशी तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमीच का ते? सुट्टीवर आला का सारं तुमचंच सांगे. दादासारखा घट कोणालेच मांडता येत नाई म्हणे. मी माय असून मले तुमचा राग ये, बाप्पा."

दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया होती. म्हातारी म्हणाली, "आता आलेच हा, तं मांडून दाखवा."

तिच्या शेतात मी घट मांडला. इतका नीट आयुष्यात मांडला नव्हता. सकाळी दोघं गेलो. गहू, तूर, ज्वारी, सगळं इकडेतिकडे. मातीत खुरं उमटली होती.

"काय म्हनते घट?" तिनं विचारलं.

मी खाली वाकून पाहिलं. "माय, शेळीचा पाय पडला हो. काई सांगता येत नाई."

म्हातारी हसली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला आणि माझा हात धरून बांधावर बसली.