टाकीच्या झाकणावरची हळद

दसऱ्यानंतरचा सोमवार. सोनारीहून परंड्याला शाळेत निघालो होतो आणि अर्ध्या वाटेत गाडीचा एकदम दमच गेला. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला तरी ओढ नाही... दोन-तीन आचके दिले आणि बंद.

गाडी वीस वर्षांची, वडिलांनी घेतलेली. दहा मिनिटं थांबलो, किक मारली, चालू! थोडं पुढं गेलो की पुन्हा तेच... पहिला तास बुडाला, मुख्याध्यापकांचा फोन आला आणि माझं डोकं सटकलं.

कारण दसऱ्याच्या आठवडाभर आधीच नानांकडून कार्बोरेटर साफ करून घेतला होता. नाना म्हणजे परंड्यातले आमचे जुने मेकॅनिक, वडिलांपासून ही गाडी त्यांच्याच हातात. पण मी रस्त्याच्या कडेला उभा राहून मोबाईलवर दोन व्हिडिओ बघितले आणि निकाल लावून मोकळा झालो... आतला ओरिजिनल पार्ट नानांनीच काढून घेतला असणार!

रखडत गॅरेजला पोचलो आणि गाडीवरून उतरायच्या आधीच सुरू झालो. "नाना, पार्ट बदलायचा होता तर सांगायचं तरी! विश्वासानं गाडी देतो तुमच्याकडं, अन् तुम्ही..." पुढचं लिहवत नाही. माणूस सत्तरीचा आहे, याचंही भान राहिलं नाही मला.

तिथं एकजण लाल गाडी घेऊन आला होता. त्यानं माझं ऐकलं, नानांकडं बघितलं, "येतो नंतर" म्हणाला आणि गाडी घेऊन निघून गेला. मला तेव्हा बरंच वाटलं... खोटं कशाला बोलू.

नानांनी नुसतं विचारलं, "सर, थोडं थांबलं की परत चालू व्हतीय का?" मी हो म्हटलं. त्यांनी किक मारायला लावली, गाडी रडतखडत चालू झाली. मग त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं... फस्स करून हवा आत गेली आणि जरा वेळात इंजिन सुरळीत चालायला लागलं.

झाकणावर हळद होती. माझ्याच हातची.

ताईनं अणदूरच्या खंडोबाचा भंडारा आणला होता. दसऱ्याला गाडी धुतली, पूजा केली आणि टाकीच्या रंगावर डाग नको म्हणून भंडारा ओला करून स्टीलच्या झाकणावर चांगला जाडसर लावला. किल्लीशेजारी हवेसाठी बारीक भोक असतं, भंडारा वाळून ते गच्च बुजलं. हवा आत जात नाही म्हटल्यावर पेट्रोल खाली उतरणार कसं? गाडी थांबली की थोडं थोडं उतरायचं, म्हणून परत चालू व्हायची.

आणि मी शिकवतो काय, तर विज्ञान! तेलाच्या डब्याला दुसरं भोक का पाडतात, हा प्रश्न सातवीच्या पोरांना दरवर्षी विचारतो...

तेवढ्यात शेजारचा चहावाला डोकावला, "काय निघालं वो नाना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाना सुईनं भोक मोकळं करत म्हणाले, "काय न्हाय, माझ्याच हातनं जरा कचरा राह्यला व्हता."

आणि मी... गप्प बसलो. गाडी काढली आणि शाळेत गेलो. आळ घेतला त्याची लाज आहेच, पण त्या गप्प बसण्याची जास्त वाटतेय.

काल गेलो आणि नानांचे पाय धरले. चहावाल्याला बोलावून त्याच्यासमोर सगळं सांगितलं. "जाऊ द्या वो सर, लई मनाला लावून घेऊ नका," नाना म्हणाले आणि मलाच चहा पाजला.

पण तो लाल गाडीवाला राहिलाच. नानांकडं तो पहिल्यांदाच आला होता, त्याचं नाव-गाव त्यांनाही माहीत नाही. भाऊ, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर नानांकडं परत जा... त्या दिवशी खोटं मी बोललो होतो.