निर्दय आत्यांचा तीनताल

आमच्या हिच्या आत्यांइतकी निर्दय बाई नाशिक जिल्ह्यात दुसरी झाली नसेल, आणि सुरगाण्यापासून सिन्नरपर्यंत पसरलेला हा जिल्हा काही लहान नाही. वय बहात्तर, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, दोन्ही गुडघे झिजलेले, आणि आवाज असा की इंदिरानगरच्या तळमजल्यावरून त्यांनी "एक" म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त तहसीलदार हातातला चहाचा कप खाली ठेवत. चाळीस वर्षं त्यांनी कथक शिकवलं. तेवढ्या काळात त्यांनी कुणाला "शाब्बास" म्हटल्याचं ऐकिवात नाही. फारच खूश झाल्या तर "चालेल" म्हणत, आणि तो शब्द मिळवलेल्या दोन-तीन बायका आज आज्या झाल्या तरी लग्नाकार्यात तो सांगत फिरतात. घरी आलेल्या माणसाला पाणी विचारण्याआधी त्या त्याची चाल बघत. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याला एकदा म्हणाल्या, "डावा पाय ओढतोस. चप्पल बदल." त्याने बदलली, आणि तेव्हापासून त्यांचा सिलिंडर आमच्या आधी येऊ लागला.

माझी मुलगी सई जन्मापासून पायांनी कडक आहे. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, नातेवाईक देवाची मर्जी म्हणतात. मी कचेरीत कारकून असल्यामुळे त्याला एक प्रलंबित प्रकरण समजत होतो: रोज थोडा शेरा मारायचा आणि उद्यावर ढकलायचं. सकाळी तिच्या पोटऱ्या ताणायच्या, संध्याकाळी मांड्या. तेराव्या वर्षी एके दिवशी तिने वॉकर आत घेतला, दार लावलं आणि आतून सांगितलं, "आजपासून मी व्यायाम करणार नाही. रोज नुसती माझी दुरुस्ती चाललेली असते." फिजिओथेरपिस्टबाई म्हणाल्या की तिची उंची वाढतेय, ताण थांबला तर गुडघे वाकलेलेच राहतील, मग वॉकर धरूनही उभं राहता येणार नाही. तेव्हा सुज्ञ आईबाप जे करतात ते सगळं आम्ही केलं. रागावलो, त्र्यंबकेश्वरला जाऊन नवस बोललो आणि नवा मोबाईल कबूल केला. मोबाईल तिने घेतला. व्यायाम राहिला.

अशा वेळी आत्या कोथिंबीरवड्या घेऊन आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गुरुवारपासून पाठवा तिला."

मी म्हटलं, "आत्या, तिला धड चालता येत नाही."

"मी चालायला कुठे शिकवते, जावईबापू? मी नाच शिकवते."

दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन फिजिओथेरपिस्टबाईंकडे गेल्या. कोणता स्नायू, किती वेळ ताणायचा, कुठे थांबायचं, काय अजिबात करायचं नाही, असं दोन तास विचारत राहिल्या. "परीक्षेतसुद्धा मला कुणी एवढं पिडलं नव्हतं," त्या बाई मला नंतर म्हणाल्या. मग भिंतीला हात टेकून पोटरी ताणायचा जो व्यायाम सई आमच्याकडे रडत करायची, त्याची दार ढकलून वाट बघणारी नायिका झाली. खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं म्हणजे दरबारातला सलाम झाला. फरक एवढाच की आमच्या घरी सईला सूट मिळायची. नायिकेला सूट नव्हती.

क्लासात अशी सहा मुलं होती. आईबापांना आत प्रवेश नव्हता. आम्ही जिन्यात चपलांच्या शेजारी बसून आतला आवाज ऐकायचो. "बिचारी" हा शब्द उच्चारणाऱ्या एका आजीला आत्यांनी त्या जिन्यातूनही बाहेर काढलं. सिन्नरहून एस.टी.ने येणारी रूपाली नावाची मुलगी होती. तापाने तिचा डावा हात मुठीत आखडलेला. एकदा ती म्हणाली, "बाई, लय दुखतंय. नाय उघडत मूठ." आत्या म्हणाल्या, "दुखतंय ना? म्हणजे हात तुझाच आहे. आज अर्धीच उघड." मग आमच्या कानांवर बराच वेळ नुसती मोजणीच येत राहिली. रूपालीची आई माझ्या शेजारी पदर तोंडात धरून बसली होती. शेवटी आतून "चालेल" ऐकू आलं. त्या माउलीला त्या शब्दाची किंमत ठाऊक नव्हती. मी समजावून सांगितली.

मी स्वतः एकदाच नियम मोडला. सईला दम लागला असेल म्हणून स्टूल घेऊन आत गेलो. आत्यांनी स्टूल काढून घेतलं आणि म्हणाल्या, "आलातच तर सोळा मात्रा तत्कार करून दाखवा." तत्कार म्हणजे पायांनी ठेका धरणं. मी पाचव्या मात्रेला स्वतःच्याच पायात अडकलो आणि तबल्यावर जाऊन आपटलो. तेव्हा सई हसली, भिंतीला धरून, पोट दुखेपर्यंत. आमच्या घरात त्याआधी चार महिने ती हसली नव्हती. मला त्या दिवशी फार लागलं होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

वर्षभराने एका सेवाभावी मंडळाने या मुलांचा कार्यक्रम ठरवला. पत्रिकेवर नावाखाली छापलं होतं, "अश्रूंना वाट करून देणारी एक संध्याकाळ." आत्यांनी सगळ्या पत्रिका घरी मागवून घेतल्या, प्रत्येकीवरच्या त्या ओळीवर काळी शाई फिरवली आणि खाली लिहिलं, "तीनताल." मंडळाचे अध्यक्ष दुखावले, पण रुमाल घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसले.

सईला वॉकर बाजूला ठेवून तीनतालाच्या सोळाही मात्रा उभं राहायचं होतं, हातांनी भाव दाखवत. नवव्या मात्रेला ती डावीकडे झुकली. अध्यक्ष तिला सावरायला उठले. उठलो तर मीही होतो, पण माझी रांग मागची. आत्या माईकवर मोजत होत्या. लय न सोडता त्या म्हणाल्या, "बसा. तिच्या सात मात्रा बाकी आहेत." अध्यक्ष बसले. मीही बसलो. सई चौदाव्या मात्रेला धपकन खाली आली. पंधरा आणि सोळा तिने जमिनीवर बसूनच हातांनी पुरे केले आणि समेला मान वर केली. सभागृहात कुणालाच कळेना, टाळ्या वाजवाव्यात की रडावं. अध्यक्षांनी दोन्ही केलं.

पडद्यामागे गेलो तेव्हा आत्या सईसमोर खुर्चीवर बसल्या होत्या. "चौदाव्याला पडलीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"उद्या पंधराव्याला पड."

सईने मान डोलावली, जणू कुणी तिला भाजी आणायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर ही मुलगी एकटीच भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणत होती. मी पाऊल न वाजवता परत फिरलो. एवढी अक्कल मला जिन्यात बसून आली होती.

याला तीन वर्षं झाली. सईच्या हातातला वॉकर सुटला नाही, सुटेल असं कुणी म्हणतही नाही. पण गुडघे सरळ आहेत, कॉलेजात ती बाकापासून फळ्यापर्यंत स्वतः जाते, आणि वाटेत कुणी हात पुढे केला तर "विचारलं होतं का मी?" असं विचारते. हे वळण कुणाचं ते सांगायला नको.

गेल्या वर्षी आत्यांना त्यांचा मुलगा बंगळुरूला घेऊन गेला. क्लास आता एक तरुण बाई चालवतात. फार गोड आहेत. मुलं आत आली तरी शाब्बास म्हणतात, बाहेर गेली तरी म्हणतात. सई घरी येऊन "चांगल्या आहेत" एवढंच सांगते आणि जेवायला बसते.

म्हणून रविवारी सकाळी आत्यांचा व्हिडिओ कॉल असतो. त्यांना सईचे फक्त पाय बघायचे असतात, त्यामुळे मी फोन फरशीलगत धरून बसतो. त्यांच्या बाजूने मला त्यांचं कपाळ तेवढं दिसतं. परवा मोजता मोजता त्या अकरावर थांबल्या. मला वाटलं नेटवर्क गेलं, पण मागचा पंखा फिरताना दिसत होता. दम लागला असेल, किंवा पुढचा आकडा सापडत नसेल. विचारायची माझी हिंमत झाली नाही. सईने खाली पाहिलं नाही. तिने स्वतःच "बारा" म्हटलं, मग "तेरा", आत्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आणि सावकाश सोळापर्यंत मोजत गेली.